मैदान बदलले, आपण?

आंतरविद्यापीठ हॉकीत मुंबई विद्यापीठ अखिल भारतीय फेरी गाजवील काय, यावर कॉलेजच्या कट्ट्यावर पैजा लागतात. माझे मत निराळे आहे. १९७५ साली विश्वचषक जिंकलेला भारत १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम हिरवळीवर सातवा आला. खेळ तोच, मैदान बदलले! आम्ही नंदाखालची मुले कापणी झालेल्या भातखाचरात खेळतो. टर्फ थेट चर्चगेटला. खडकीच्या धनराज पिल्लेने मोडक्या स्टिकने सुरुवात केली खरी. पण त्या दाखल्यावर किती दिवस भागवणार? बाबा विचारतात, "हॉकीने पोट भरतं का?" घरातून कॉलेजात आलेला पहिला मीच, उत्तर सुचत नाही. विद्यापीठाने दूरच्या कॉलेजांना आठवड्यातून एक सकाळ टर्फ द्यावे. जिंकण्याच्या गप्पा मग मारू!