चाक तेच, खेळ वेगळा

लास व्हेगासला आमच्या मावशीने 'व्हील ऑफ फॉर्च्यून'च्या यंत्रात चाळीस डॉलर घातले. का, तर "रोज टीव्हीवर बघते, मला कळतो हा खेळ!" मावशी, इथेच तर गोम आहे.

1975 साली एनबीसीवर सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात चाक हाताने फिरवतात, अक्षरं ओळखायला डोकं लागतं, आणि 'बँकरप्ट'वर चाक थांबलं तरी घरून आणलेला पैसा जात नाही. 1996 साली आयजीटी कंपनीने त्याच नावाचं स्लॉट यंत्र आणलं. चाक घेतलं, प्रेक्षकांचा गजर घेतला. कोडं तेवढं काढून टाकलं. आणि चाकही नावापुरतंच! बटण दाबलं की आतली चिप निकाल लावून मोकळी; चाक तो फक्त फिरून दाखवतं. घरं सारखी दिसली तरी संधी सारखी असेलच असं नाही. मोठ्या आकड्याशेजारी थांबलं की "थोडक्यात हुकलं" वाटतं. हुकलेलं काहीच नसतं!

जुगार खेळायचा त्याने खुशाल खेळावा. पण घरच्या टीव्हीतला ओळखीचा मुखवटा लावून माणसं ओढायची, ही माझ्या मते शुद्ध फसवणूक आहे.

मावशी अजून म्हणते, "एकच घर पुढे सरकलं असतं ना..."