आजोबांच्या घराची नोंद कोणाच्या कुलपात?

सीमाप्रश्नाच्या वादात १९५१ च्या जनगणनेचा दाखला आपण सारेच देतो. कोणत्या गावात मराठी किती, कानडी किती, हे टक्के आम्हां कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहेत. मात्र ज्या चिठ्ठ्यांच्या बेरजेतून ते टक्के निघाले, त्यांवर माणसांची नावे होती, याचा विसर आम्हांलाही पडला, हे प्रथम कबूल करतो.

त्या गणनेचा पहिलाच प्रश्न होता : नाव आणि कुटुंबप्रमुखाशी नाते. मातृभाषा त्यानंतर. नात्याचा तो एक शब्द किती बोलका! घरात ‘पुतण्या’ नोंदला असेल तर प्रमुखाला भाऊ होता, हे उघड झाले. तो भाऊ त्या घरात नसेल तर वारला की दुसऱ्या गावी वेगळा राहिला, हा पुढचा शोध. ‘सून’ आहे आणि मुलगा नाही, तर तो मुंबईच्या गिरणीत असेल, किंवा ती विधवा असेल. (वयाचे आकडे तेवढे जपून घ्यावेत, चाळीस, पन्नास, साठ असे गोल सांगण्याची वडीलधाऱ्यांची रीतच होती.)

त्या वेळी चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढे मुंबई राज्यात राहिले आणि सख्खे भाऊ दोन राज्यांचे रहिवासी झाले. आज नातवंडांनी वंशावळ जुळवायची तर एकीकडे कानडी उतारा, दुसरीकडे मराठी फेरफार, आणि आडनावाची दोन रूपे. दोन्ही शाखा एकाच जिल्ह्यात मोजणारी शेवटची गणना १९५१ चीच.

ती नोंद मागावी तर उत्तर ठरलेले : १९४८ च्या जनगणना कायद्याचे १५ वे कलम. नोंद पाहण्याचा हक्क कोणालाच नाही, दिवाणी दाव्यात ती पुरावाही नाही, आणि या बंदीला मुदतही नाही. अमेरिकेने १९५० ची गणना ७२ वर्षांनी, २०२२ मध्ये, नावानिशी खुली केली. इंग्लंड शंभर वर्षे थांबते, पण मग कपाट उघडते. गोपनीयतेचे कारण द्यावे, तर त्याच १९५१ च्या चिठ्ठ्यांवरून नागरिक नोंदवही उतरवली गेली आणि आसामात तीच २०१९ च्या यादीसाठी वारशाचा पुरावा म्हणून चालली. सरकारला हवे तेव्हा कुलूप निघते!

मग बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार भागातील गावांच्या वह्या कोठे आहेत? दप्तर एका राज्याकडून दुसऱ्याकडे गेले तेव्हा त्या कोणी मोजून घेतल्या? रद्दीत काढल्या असतील, तर कोणाच्या सहीने? दोन्ही राज्य सरकारांनी आणि जनगणना आयुक्तांनी याचे लेखी उत्तर द्यावे. आम्हांला कोणाचे नागरिकत्व तपासायचे नाही. आपले सगे कोण, एवढेच विचारायचे आहे. शंभर वर्षांची मुदत घाला, आमची हरकत नाही. पण मुदत घाला.

तोवर दारी येणाऱ्या हेळव्याला कोणी रिकाम्या हाती परत पाठवू नये. तो घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतो, नवी नावे लिहून घेतो. त्याच्या वहीतले आपल्या घराचे पान, जमल्यास पलीकडच्या भाऊबंदांना शेजारी बसवून, उतरवून घ्यावे. त्या वहीला १५ वे कलम लागू नाही.