सोळा रुपये, दहा आणे, आठ पै

१५ ऑगस्टच्या आसपास एक फॉरवर्ड हमखास येतो. "१९४७ मध्ये एक डॉलर म्हणजे एक रुपया होता, आणि आज बघा!" खाली तिरंगा, त्याखाली तीन रडके चेहरे. पाठवणारे कोण, तर आपल्यातलेच, डॉलरमध्ये बिल लावणाऱ्या कंपन्यांत बसणारे. रुपया घसरला की आपल्याच कंपनीचा नफा फुगतो, आणि आपण रडके चेहरे पाठवतो. (आपला पगार फुगत नाही, तो विषय वेगळा :) )

आधी हिशोब. १९४७ मध्ये रुपया डॉलरला नाही, पौंडाला बांधलेला होता. एक रुपया म्हणजे १८ पेन्स. पौंडाचे पेन्स २४०, म्हणजे एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. पौंड तेव्हा ४.०३ डॉलरचा. करा भागाकार. डॉलर सव्वातीन रुपयांच्या थोडा वरच येतो. १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, त्याच्यासोबत रुपयाही उतरला आणि डॉलर ४.७६ ला गेला. जून १९६६ मध्ये ७.५०. एकास एक यात कुठेच नाही.

आणि १९४७ चा रुपया म्हणजे तरी कोणता? आमचा बुलडाणा जिल्हा वऱ्हाडात, इंग्रजांच्या कारभारात, त्यामुळे तिथं कलदार. देऊळगाव राजाहून तासाभराच्या आत जालना येतं, पण ते निजामाचं राज्य, तिथं हाली सिक्का. ६ कलदारला ७ हाली. म्हणजे १०० कलदारचे हाली झाले ११६ रुपये १० आणे ८ पै. हैदराबादच्या स्वतःच्या नोटासुद्धा होत्या, १९१८ पासून. १९५० मध्ये भारतीय रुपया तिकडे गेला तो याच सहाला सातच्या भावानं, आणि हाली पुरता रद्द व्हायला १९५९ उजाडलं. थोडक्यात, १९४७ साली जालन्याच्या बाजारात एक रुपया म्हणजे एक रुपया हेसुद्धा खरं नव्हतं, डॉलरचं काय घेऊन बसलात!

असो. मला खरं बोलायचंय ते त्या १८ पेन्सबद्दल.

पहिल्या महायुद्धाआधी रुपया १६ पेन्सचा होता, पौंडाला सरळ १५ रुपये. युद्धात सगळं विस्कटलं. मग दर कायमचा कुठे बांधायचा हे ठरवायला हिल्टन यंग कमिशन बसलं. १९२६ च्या अहवालात बहुमत म्हणालं १८. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी वेगळं मत नोंदवलं, १६ च हवा. (हे मुंबईतले कापसाचे बडे व्यापारी, त्यामुळे त्यांचाही स्वार्थ होताच, नाही असं नाही.) १९२७ मध्ये कायदा झाला, १८ चा. रुपया "मजबूत" झाला!

आता खामगावला या. हे वऱ्हाडातलं कापसाचं मोठं ठाणं, इतकं मोठं की नुसत्या कापसापायी जलंबहून तिथवर १८७० मध्ये रेल्वेचा फाटा टाकला. कापसाच्या भावाची दोरी लिव्हरपूलच्या हातात. समजा तिकडे एका मालाचे १० पौंड येतात. १६ पेन्सच्या दरानं त्याचे १५० रुपये. १८ पेन्सच्या दरानं १३३ रुपये ५ आणे ४ पै. माल तोच, गिऱ्हाईक तेच, आणि मधले १६ रुपये १० आणे ८ पै गायब. (हालीच्या हिशोबात शंभराच्या वर नेमका हाच आकडा आला होता. योगायोग आहे, पण मला भारी वाटला.)

बरं, शेतकऱ्याचा खर्च काही त्या प्रमाणात उतरला नाही. शेतसारा पाहणी करून तीस-तीस वर्षांसाठी ठरलेला, रुपयात. सावकाराचं व्याज रुपयात. सरकारचं म्हणणं होतं की बाजारात दर आधीच १८ च्या आसपास स्थिरावलाय, भावही त्याला जुळलेत. मुद्दा अगदीच फालतू नव्हता. पण भाव जुळले तरी कर्जखत आपोआप जुळत नाही ना! कागदावर लिहिलेला आकडा तोच राहतो. मग फायदा कोणाला? हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनला पौंड पाठवावे लागायचे, निवृत्त साहेबांच्या पेन्शनी, रेल्वेच्या कर्जाचं व्याज वगैरे. रुपया महाग केला की तेवढेच पौंड कमी रुपयात भागतात. मग १९२९ ची मंदी आली, कापूस कोसळला. १९३१ मध्ये पौंडानं सोन्याचा आधार सोडला, तरी रुपया त्याच १८ पेन्सला चिकटून. १३ रुपये ५ आणे ४ पैचा तो पौंड थेट १९६६ पर्यंत टिकला.

म्हणून "मजबूत रुपया" ऐकलं की माझ्या डोळ्यासमोर तिरंगा येत नाही, साहेबाची पेन्शन येते. विनिमय दर ही देशाची इज्जत नाही. तो एक दर आहे आणि तो हलला की एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात पैसे जातात. बाहेर माल विकणारे, मग ते कापसाचे असोत की कोडचे, एका बाजूला. बाहेरून घेणारे दुसऱ्या बाजूला.

यावर कोणी म्हणेल, मग पडू दे रुपया शंभरावर, शेतकरी खूश! तसंही नाही. डीएपी आणि पोटॅश बाहेरून येतं, डिझेलचं कच्चं तेल बाहेरून येतं, सगळं डॉलरमध्ये. म्हणजे चिखलीचा शेतकरी एकाच वेळी दोन्ही बाजूंना उभा आहे. आणि त्याचा भाव पाडायला दर हलवायची गरजही उरलेली नाही. १९ ऑगस्ट २०२५ ला सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे वेचणीच्या ऐन हंगामात. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर डॉलरचा फॉरवर्ड चार वेळा आला. शुल्काचा एकदाही नाही.