यंत्रातली हवा आणि चुलीचा धूर

डिसेंबर 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एक जनहित याचिका आली. घरात हवा शुद्ध करणारे यंत्र हे वैद्यकीय उपकरण मानावे आणि त्यावरील 18 टक्के वस्तू व सेवा कर 5 टक्क्यांवर आणावा, अशी तिची मागणी होती. दिल्लीचा हिवाळा ज्यांनी अनुभवला आहे ते या मागणीला हसणार नाहीत. तथापि हा प्रश्न राजधानीतून उचलून मावळातील औंढ्यासारख्या गावात आणून ठेवला, म्हणजे त्याचे खरे स्वरूप दिसू लागते.

औंढे हे लोणावळ्याच्या शेजारचे गाव. मुंबईचे सुखवस्तू लोक एकेकाळी हवापालटासाठी ज्या डोंगराळ टापूत येत, तोच हा टापू. आज त्याच्या जवळून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो, आणि परिसरात शहरवासीयांचे सुट्टीचे बंगले उभे राहिले आहेत. ‘तिथली हवा चांगली’ ही कीर्ती मात्र अजून टिकून आहे. या कीर्तीचाच एक दुष्परिणाम असा की, गावातील एखाद्या म्हातारीला दम लागू लागला तर तो वयाचा दोष समजला जातो. तिने आयुष्यातील तीस-चाळीस वर्षे चुलीपुढे काढली, आषाढ-श्रावणात ओल्या लाकडांवर फुंकर घालीत भाकऱ्या भाजल्या, ही गोष्ट रोगाच्या इतिहासात कोणी नोंदवीत नाही. तिने विडी कधी ओढली नाही, मग तिची फुफ्फुसे निकामी कशी झाली, असा प्रश्नही विचारला जात नाही.

याचे उत्तर पुण्यातच दिले गेले आहे. चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले की, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात तो श्वासनलिका अरुंद करणारा जुनाट विकार केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा नव्हे. लाकूड, गोवऱ्या व पाचट यांच्या धुरात वावरणाऱ्यांची संख्या जगात सुमारे 300 कोटी, तर धूम्रपान करणारे सुमारे 100 कोटी. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार 2016 साली भारतात या विकाराचे साडेपाच कोटी रुग्ण होते. त्यामुळे होणाऱ्या आयुष्यहानीपैकी निम्म्याहून अधिक वाटा घरातील व बाहेरील प्रदूषित हवेचा, आणि सुमारे एक चतुर्थांश तंबाखूचा.

मग यंत्राचा उपयोग काय? ते हवा ओढून घेऊन दाट तंतूंच्या गाळणीतून सोडते. हेपा नावाची गाळणी 0.3 मायक्रॉन आकाराचे 99.97 टक्के कण अडविते. अमेरिकेत बाल्टिमोर येथे धूम्रपान सोडलेल्या 116 रुग्णांवर झालेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. काहींच्या घरी खरी यंत्रे ठेवली, काहींच्या घरी तशीच दिसणारी, पण गाळणी नसलेली. सहा महिन्यांनंतर जीवनमानाच्या एकूण गुणांकात निर्णायक फरक पडला नाही. परंतु खऱ्या यंत्राच्या घरी खोकला-दम्याचा त्रास कमी झाला, रोग बळावण्याचे प्रसंग घटले, तातडीच्या औषधाची गरज उतरली. यंत्र बहुतेक वेळ चालू ठेवणाऱ्यांना लाभ अधिक झाला. गेलेले फुफ्फुस यंत्राने परत येत नाही, पण उरलेल्याचा छळ थोडा कमी होतो.

मात्र हा लाभ अटींवर अवलंबून आहे. खोली बंद असली पाहिजे, यंत्राची क्षमता खोलीच्या आकाराला पुरेशी असली पाहिजे, वीज अखंड हवी, आणि गाळणी वेळोवेळी बदलण्याची ऐपत हवी. कौलांच्या फटींतून वारा वाहणाऱ्या आणि शेजघराला लागूनच चूल पेटणाऱ्या घरात हे यंत्र म्हणजे फुटक्या घागरीने पाणी भरणे होय. कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू तर हेपा गाळणीला अडतच नाही. ओझोन सोडणारी यंत्रे दुखऱ्या फुफ्फुसाला अपायकारकच ठरतात. शिवाय डासांसाठी जाळलेल्या एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे 2003 सालच्या एका अभ्यासात आढळले. ती जळत ठेवून यंत्र लावणे म्हणजे पैशाचा धूर करणे. मच्छरदाणी त्याहून कितीतरी स्वस्त आहे.

यावरून कोणी साथी असा निष्कर्ष काढतील की, हे यंत्र श्रीमंतांचे खेळणे आहे, त्याची चर्चाच नको. हा निष्कर्ष घाईचा आहे. आज ज्याला दहा पावले चालवत नाही, त्याला व्यवस्था बदलेपर्यंत थांबा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. आक्षेप यंत्रावर नसून क्रमावर आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत स्वच्छ हवा ही सार्वजनिक वस्तू आहे. ती खोलीखोलीत विकत घेण्याची सोय झाली की, ऐपतदारांचा सार्वजनिक हवेतील रस संपतो, आणि त्यांच्याबरोबर शासनावरचा दबावही ओसरतो. खाजगी शाळांनी सरकारी शाळांचे जे केले, तेच येथे घडेल. करात सवलत दिली तरी ती यंत्र घेऊ शकणाऱ्यालाच मिळेल. चुलीपुढच्या बाईच्या पदरात त्यातले काही पडणार नाही.

तिचा प्रश्न नवा नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी चुलीचा धूर हा राजकारणाचा विषय आहे हे फार पूर्वी सांगितले होते. 1983 मध्ये केंद्राने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि 2002 साली तो गुंडाळला. 2016 साली उज्ज्वला योजना आली आणि गॅसच्या जोडण्या घरोघर पोहोचल्या. पण जोडणी मिळणे आणि वर्षभर सिलिंडर भरून घेणे परवडणे यांत अंतर आहे. 2023 मध्ये योजनेतील अनुदान सिलिंडरमागे 300 रुपये झाले. तरी रोजगार थांबलेल्या महिन्यात रानातले लाकूड फुकट आणि सिलिंडर रोख पैशाचा, हा हिशेब बदलत नाही.

म्हणून मागण्यांचा क्रम असा असावा. गरीब कुटुंबाला वर्षभराचा गॅस परवडेल इतके अनुदान. प्राथमिक आरोग्य केंद्रात फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजण्याचे स्पायरोमीटर, ते चालविणारा प्रशिक्षित माणूस, आणि श्वासावाटे घ्यावयाची औषधे मोफत व अखंड. त्यानंतर, ज्या रुग्णाच्या घरातला धूर थांबला आहे पण त्रास उरला आहे, त्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर सार्वजनिक आरोग्यसेवेकडून हवा गाळणारे यंत्र वापरण्यास मिळावे. मग ते चैनीची वस्तू राहणार नाही, उपचाराचा भाग होईल.

कार्यकर्त्यांनी यासाठी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येकाने आपल्या गावात घरोघर जाऊन तीन प्रश्न विचारावेत: चूल अजून पेटते काय, वर्षात किती सिलिंडर भरले, आणि घरात दम कोणाला लागतो. या उत्तरांची यादी आरोग्य केंद्राच्या टेबलावर ठेवली, तर दम लागलेल्या म्हातारीचे दुखणे ‘वयाचा दोष’ म्हणून झटकून टाकणे कठीण होईल.