वॉर्डात शिकायचे की राबायचे?

बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांतून नर्सिंगचे अर्ज भरणाऱ्या मुलींची, आणि अलीकडे मुलांचीही, लगबग सुरू होते. त्याच सुमारास घरोघरी दुसरी चर्चा रंगते: दुबई, लंडन की जर्मनी? मुलीने अजून थर्मामीटर हाती धरलेला नसतो. तिच्या पगाराचा हिशेब मात्र युरोत मांडून झालेला असतो.

यात पालकांना दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ साली जगात सुमारे ५८ लाख परिचारिका कमी होत्या. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. इकडे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच शिफारस केली होती, की लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान वीस हजार रुपये मिळावेत. अनेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. मग मुलांची नजर बाहेर वळली तर नवल ते काय?

आमची चिंता वेगळी आहे. बेत आधी ठरतो आणि शिक्षण मागून येते.

बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीशी आम्ही अलीकडेच बोललो. गेल्या वर्षी तिचे पोस्टिंग एका मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात होते. शिकवणाऱ्या मॅडम सकाळी हजेरी घेत आणि निघून जात. वॉर्डात माणसे कमी, म्हणून विद्यार्थिनींनी खाटा लावायच्या, रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवायचे, ओळीने सर्वांचा रक्तदाब घ्यायचा. केस बुक रात्री वसतिगृहात मैत्रिणीच्या वहीवरून उतरवले. सह्या मिळाल्या. ‘शिकले काय, तर भराभर चालायला,’ असे ती हसत म्हणाली. आम्हांस हसू आले नाही.

पुढचे पोस्टिंग बालरुग्ण विभागात. तेथील ज्येष्ठ सिस्टरांनी पहिल्याच दिवशी तिला न्यूमोनिया झालेल्या बाळाजवळ बसवले. पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे; श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो का, बाळ दूध घेते का, ते पाहायचे, आणि मगच बोलायचे. तिसऱ्या दिवशी श्वासांची गती वाढल्याचे प्रथम हिच्याच ध्यानी आले आणि डॉक्टरांना वेळेत बोलावता आले. आता तिला लहान मुलांच्याच विभागात काम करायचे आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये इटलीच्या परिचारिकांसमोर स्वतःची आठवण सांगितली होती. तरुणपणी ब्युनोस आयर्समध्ये ते फुप्फुसाच्या विकाराने अत्यवस्थ असता सिस्टर कॉर्नेलिया या डोमिनिकन धर्मभगिनीने डॉक्टरांनी नेमलेली मात्रा पुरेशी नसल्याचे ओळखले, आणि आपला जीव वाचला, असे ते म्हणत. विद्यार्थिनींनी मात्रा बदलाव्यात असे कोणी म्हणणार नाही! पण सिस्टरांचे ते ज्ञान दिवसभर रुग्णांजवळ राहून आलेले होते.

परदेशाच्या वाटेवरही हेच विचारले जाते. ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी परीक्षकासमोर प्रत्यक्ष कृती करून दाखवावी लागते. उतरवून काढलेले केस बुक तिथे कामास येत नाही. जर्मनीला भाषेची बी-टू पातळी लागते, तीही अखेर रुग्णाशी बोलण्यासाठीच. आणि इथेही वाटा आहेत: अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, प्रसूतिसेवेतील विशेष प्रशिक्षण आहे, गावच्या आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे पद आहे. यांतले आपल्याला काय झेपेल आणि काय आवडेल, हे वॉर्डातच कळते.

प्रवेश घेताना आपण फी विचारतो, वसतिगृह पाहतो. महाविद्यालयाला भारतीय नर्सिंग परिषदेची व राज्य परिषदेची मान्यता आहे का, त्याचे रुग्णालय किती खाटांचे आहे, शिकवणाऱ्या मॅडम वॉर्डात थांबतात का, हे किती पालक विचारतात? मुंबईच्या रुग्णालयांतून निवृत्त झालेल्या कितीतरी परिचारिका आपल्याच धर्मग्रामांत राहतात. अर्ज भरण्यापूर्वी त्यांच्या ओटीवर एक संध्याकाळ बसले तरी बरेच उमगेल.

त्या विद्यार्थिनीचे पुढचे पोस्टिंग ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात आहे. घरच्यांनी जर्मनच्या वर्गाची फी भरून ठेवली आहे. तिने वर्ग सोडलेला नाही, फक्त पोस्टिंग संपेपर्यंत तो रविवारी दुपारी घ्यावा, अशी विनंती केली आहे.