रोबोच्या पोटातली खुर्ची

'गंडम' म्हटलं की हॉस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला : "काय गंडलं?" तर मित्रांनो, काहीही गंडलेलं नाही. 'मोबाइल सूट गंडम' ही जपानी कार्टून मालिका. दिग्दर्शक योशियुकी टोमिनो, पहिला भाग ७ एप्रिल १९७९ चा. सुरुवातीला ती इतकी कमी चालली की ५२ भागांचा बेत ४३ भागांतच गुंडाळावा लागला. पुढे तिची प्लास्टिकची मॉडेल्स निघाली, चित्रपट आले आणि मग मात्र तिने मागे वळून पाहिलं नाही. गोष्ट थोडक्यात अशी : अवकाशात युद्ध पेटलंय, १८ मीटर उंचीचा एक यंत्रमानव आहे आणि त्याच्या पोटात बसून तो चालवणारा अमुरो रे नावाचा १५ वर्षांचा पोरगा आहे. पहिल्याच भागात हा पठ्ठ्या मॅन्युअल उघडून, वाचत वाचत मशीन चालू करतो. व्हायव्हाच्या आदल्या रात्री आपण करतो तेच!

आता मेकॅनिकलवाले लगेच कॅल्क्युलेटर काढणार. काढाच. मालिकेत गंडमचं वजन दिलंय ४३.४ टन. पावणेदोन मीटर उंचीचा, ७० किलोचा माणूस त्याच प्रमाणात १८ मीटरचा केला, तर उंचीच्या घनाच्या हिशोबाने तो भरतो सुमारे ७६ टन. म्हणजे चिलखत घातलेला हा गडी हाडामांसाच्या माणसापेक्षा हलका, पाण्यात टाकला तर चक्क तरंगेल! योकोहामात २०२० ते २०२४ पर्यंत खरोखरचा हलणारा १८ मीटरचा गंडम उभा होता. वजन २५ टन, आणि तोही कंबरेला आधार देऊन उभा केलेला. तेव्हा हा आक्षेप मान्य.

पण दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा आहे : मुळात आत माणूस बसवायचाच कशाला? रिमोट द्या की!

रिमोट आधी होताच. मित्सुतेरु योकोयामा यांच्या १९५६ च्या 'तेत्सुजिन २८' या चित्रकथेत रोबोचा रिमोट एका मुलाच्या हातात असतो. रिमोट ज्याच्या हातात, रोबो त्याचा. मग तो पोलीस असो नाहीतर चोर. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर 'जायंट रोबो' लागायचा, तोही याच योकोयामांचा. तिथे हुकूम मनगटी घड्याळातून सुटायचा. घरी आईबाबांना विचारा, आठवत असेल. पुढे १९७२ मध्ये गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'ने माणसाला थेट रोबोच्या डोक्यात नेऊन बसवलं. गंडमने त्या खुर्चीला एक कारणही दिलं : मिनोव्हस्की नावाचे काल्पनिक कण रडार आणि रेडिओ निकामी करतात, त्यामुळे जवळ जाऊन, डोळ्यांनी बघूनच लढावं लागतं.

माझं मत विचाराल तर ही खुर्ची हाच मालिकेचा गाभा आहे. रिमोटवाला लांब सुरक्षित असतो. खुर्चीतला माणूस घाबरतो, थकतो, 'मी नाही जाणार' म्हणून अडून बसतो. यंत्राची किंमत कोण मोजतो, ते खुर्चीमुळे दिसतं. गंडम प्रकल्पावरचा इंजिनिअर म्हणजे अमुरोचा बाप, टेम रे. त्याला वाटत असतं, हे यंत्र मोठ्या संख्येने बनलं की कोवळ्या पोरांना लढायला जावं लागणार नाही. आणि त्याच भागात त्याचाच पोरगा त्या खुर्चीत जाऊन बसतो! बाप वाईट नाही हो. खुर्चीत कोण बसणार, याचा त्याने बांधलेला अंदाज तेवढा चुकला.

पुढची गोष्ट प्रॉडक्शनवाल्यांनी नीट वाचावी. गंडमच्या पोटातला भाग हे एक छोटं विमान आहे. रोबो मोडला तरी चालक आणि लढाईची नोंद घेऊन ते सुटू शकतं. गंडम यशस्वी ठरल्यावर त्याची स्वस्त आवृत्ती घाऊक प्रमाणात काढतात. तिचं नाव 'जिम'. आता खर्च कमी करायचा, तर कात्री कशाला लागली? त्या सुटकेच्या विमानाला! पहिल्या नमुन्यात माणूस वाचवायची सोय, हजारोंच्या उत्पादनात ती गायब.

हे फक्त कार्टूनमध्ये होतं असं वाटत असेल तर जरा गेटबाहेर या. आपण कळंबोलीत राहतो. इकडे लोखंड-पोलाद बाजार, तिकडे जेएनपीटीचा रस्ता, समोर एक्स्प्रेस वे. पोटात माणूस बसवलेली अवाढव्य यंत्रं बघायला आपल्याला जपानला जायची गरज नाही. कॉइल आणि सळया लादलेले ट्रेलर रात्रंदिवस जातात. मे महिन्यात, खाली तापलेलं इंजिन आणि वर तापलेला पत्रा, मध्ये ड्रायव्हर. साडेतीन टनांवरच्या नव्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा करणारी अधिसूचना निघाली डिसेंबर २०२३ मध्ये, आणि लागू झाली २०२५ मध्ये, तीही नव्याने बनणाऱ्या गाड्यांना. म्हणजे जुन्या गाड्या आहेत तशाच. मोटारीत मागे बसणाऱ्या साहेबाला गार वारा कधीच मिळाला होता. दिवसाला बारा-बारा तास स्टिअरिंग धरणाऱ्यासाठी सरकारला नियम करावा लागला. का? एसीने किंमत वाढते, डिझेल जास्त जातं. 'जिम' बनवणाऱ्यांचा हिशोब यापेक्षा वेगळा नव्हता.

कुणी म्हणेल, तंत्रज्ञान पुढे गेलंय, आता खुर्चीच काढून टाकू. ड्रोनमध्ये ती निघालीच आहे. ठीक आहे. पण खुर्ची काढली म्हणून यंत्राची किंमत मोजणारा माणूस नाहीसा होत नाही, फक्त तो डिझाइन करणाऱ्याला दिसेनासा होतो. रिमोटवाल्या रोबोची गोष्ट १९५६ सालीच सांगून झाली आहे.

आपल्या सिलॅबसमध्ये शाफ्ट आहे, गिअर आहे, फॅक्टर ऑफ सेफ्टी आहे. अर्गोनॉमिक्स असलंच तर शेवटच्या युनिटला, म्हणजे बहुतेकांच्या ऑप्शनला! म्हणून एक सुचवतो. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये, मग तो कापणी यंत्राचा असो की क्रेनचा, ड्रॉइंग शीटवर पहिली रेघ चालकाच्या खुर्चीची मारा. तो किती तास बसणार, त्याला ऊन किती लागणार, अपघात झाला तर तो बाहेर कसा पडणार, हे रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहा. आणि सर, मॅडम, तुम्हालाही विनंती : व्हायव्हात एफिशियन्सी विचारण्याआधी एवढंच विचारा, "यात बसणार कोण?" उत्तर आलं नाही तर प्रोजेक्ट परत पाठवा. एखादी केटी लागली तरी चालेल.