मटकीचा मोड आणि दुबार पेरणी

मृगाच्या दोन सरी पडल्या की गावोगाव पाभरी निघतात. पाऊस दडी मारतो, आणि मग दुबार पेरणी! दोष कधी नशिबाला, कधी बियाण्याला. वाचक बंधू-भगिनींनो, याचे बरेचसे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात, फडक्यात बांधलेल्या मटकीपाशी आहे.

कोरड्या मटकीत पाणी जेमतेम दहा-बारा टक्के. दाणा जिवंत असतो, पण झोपलेला. रात्रभर भिजला की तो फुगतो आणि आतली विकरे, म्हणजे एन्झाइम्स, कामाला लागतात. आम्ही कारकून माणसे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. दाण्याच्या दोन डाळींत पिष्ट आणि प्रथिने ही ठेव असते. कोंबाला ती तशीच खर्चता येत नाही. अमायलेज पिष्टाची साखर करते, प्रोटीएज प्रथिनांची अमिनो आम्ले. ठेवीची अशी मोड झाली, की मटकीला मोड येतात.

1833 साली फ्रान्समध्ये पायेन आणि पर्सो यांनी मोड आलेल्या सातूतून पिष्ट मोडणारा पदार्थ वेगळा केला. वेगळे काढलेले ते पहिले विकर मानतात. मोडाची उसळ सोसते ती याच मोडतोडीमुळे. पोट फुगवणाऱ्या शर्करा घटतात, लोह अडवून धरणारे फायटिक आम्ल कमी होते, शिवाय 'क' जीवनसत्त्व तयार होते.

आता शेताकडे वळू. जमिनीत ओल कमी असली तर दाण्याला पाणी ओढता येत नाही. विकरांचे काम मंदावते. ठेव असून हाती पैसा नाही अशी गत होते आणि मूळ खुरटते. पण खरा घात करते ती अर्धी ओल. कोरडा दाणा पावसाची वाट पाहू शकतो. थोडा भिजून, मूळ फुटण्याआधी वाळला, तरी बहुधा पुन्हा रुजतो. मूळ बाहेर पडले की मात्र परतीची वाट बंद. मग ओल तुटली, की दाणा गेला.

खात्री हवी तर मोड आलेली मूठभर मटकी दोन दिवस उन्हात वाळवा आणि पुन्हा भिजवा. मुलांनाही दाखवा.

म्हणूनच 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. घरचे बियाणे असेल तर 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते आधी मोजावे. याला खर्च काहीच नाही. उलट, दोन एकर कोरडवाहूवाल्याला बियाण्याची दुसरी पिशवी बहुधा उसनवारीनेच आणावी लागते, आणि त्या कर्जाला मोड फुटायला पाऊस लागत नाही.

येत्या मृगात गावी फोन कराल तेव्हा, पेरणी झाली का, असे विचारू नका. ओल किती खोल गेली, ते विचारा.